फॉर्मवर न लिहिलेलं काम

स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, "इस्केमिक स्ट्रोक आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला." म्हणजे रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि मेंदूच्या त्या भागाचं रक्त बंद झालं. डावीकडे झालंय तर उजवा हात का उचलत नाही, असं मी विचारत होते. पण जीभ इतकी जड झाली होती की माझं बोलणं कोणालाच कळलं नाही.

झालं असं की संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातातून सुटला. मी कपालाच शिव्या घातल्या. माझं तोंड वाकडं झालेलं यांनी पाहिलं आणि शेजाऱ्यांच्या गाडीत घालून मला थेट दवाखान्यात नेलं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्याकडे कोणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, तर झोपून बरं वाटेल म्हणून वाट पाहू नका.

नऊ दिवस दवाखान्यात काढले. एमआरआय झाला, हृदयाची तपासणी झाली. मुलगा बाहेरच्या बाकावर बसून वैतागला. काठी घेऊन चालता यायला लागलं, पण उजव्या हाताची बोटं मुडपलेलीच राहिली.

हातासाठी ऑक्युपेशनल थेरपी करा, असं सांगितलं. रोजची कामं माणसाला पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत, यासाठीचे हे उपचार. थेरपीचा दवाखाना एव्हरशाईन सिटी या वसाहतीत. थेरपिस्ट रोझलिन, तिशीची, चष्मा घातलेली, आवाज शांत. तिने फॉर्म भरायला दिला. ‘रुग्ण काय काम करतात?’ या प्रश्नापुढे सुनेने, प्राजक्ताने, ‘गृहिणी’ लिहिलं. रोझलिनने मलाही विचारलं. मी म्हटलं, काही करत नाही, घरीच असते.

खोटं बोलले नव्हते. आम्हा वटार गावच्या बायकांना असंच वाटतं.

पुढचे सहा आठवडे मी भोकांच्या फळीत खुंट्या घातल्या, रंगीत शंकू एकावर एक ठेवले, कणकेसारखा गोळा दाबला. बोटं थोडी उघडली. पण घरी आले की हात मांडीवर पडून राहायचा, कारण त्याला काही करायलाच नव्हतं. प्राजक्ता ऑफिसला जायच्या आधी मला घास भरवायची, केस विंचरायची, पाण्याचा पेलाही तोंडाला लावायची. आजाऱ्याला काडीही उचलू द्यायची नाही, ही आमच्या घरची रीत. पोरगी जीव लावून करत होती, आणि मी दिवसेंदिवस चिडखोर होत होते. एकदा मी घास थुंकला. ती लादी पुसून कामावर गेली. त्या दिवशी मला वाटलं, यापेक्षा गेले असते तर बरं झालं असतं. आज हे लिहितानाही लाज वाटते.

चैत्रात रोझलिन घर बघायला आली. ओटीवर माझी जाऊ मोगऱ्याचे गजरे करत बसली होती. मी आतल्या खाटेवर. रोझलिन दारात चपला काढत असताना मी ओरडले, "अगं, गाठ ओढ जरा! सैल राहिलीय. घालणारीच्या पाठीवर गळतील सगळ्या कळ्या!"

रोझलिन तिथेच थांबली. सहा आठवड्यांत माझं एवढं लांब आणि स्पष्ट बोलणं तिने ऐकलं नव्हतं. आत येऊन विचारलं, "काकी, गजरे तुम्हीपण करता?"

आठव्या वर्षापासून, मी म्हटलं. सकाळी कळ्या खुडायच्या, केळीच्या खोडाची साल, म्हणजे सोपट, भिजवून त्याचा धागा काढायचा, त्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि गुंफत जायचं.

"मग मला काही करत नाही असं का सांगितलंत?"



तिने वहीत तीन वर्तुळं काढली, एकमेकांत थोडी शिरलेली. एक माणसाचं, एक त्याच्या जागेचं आणि एक त्याच्या कामाचं. याला पर्सन-एन्व्हायर्नमेंट-ऑक्युपेशन मॉडेल म्हणतात. तिन्ही जिथे जुळतात तिथे माणसाचं चालतं. बिनसलं तर नुसत्या माणसालाच दुरुस्त करत बसायचं नाही, जागा आणि कामही बदलून बघायचं. ती म्हणाली, "मी बोटांपासून सुरुवात केली, काकी. बॉटम-अप. तुमच्या बाबतीत टॉप-डाउन हवं होतं. आधी काम, मग त्या कामाला लागतील ती बोटं. चूक माझीपण आहे."

एवढी शिकलेली मुलगी माझ्या खाटेपाशी बसून चूक कबूल करते, याचं मला फार अप्रूप वाटलं. अजून वाटतं.

मग तिने एकेक जुळवलं. खाली बसणं जमत नव्हतं म्हणून ओटीवर खुर्ची आणि टेबल आलं. अंगठ्याऐवजी टेबलाच्या कडेला खिळा, त्याला सोपटाचं टोक बांधलेलं. आयुष्यभर उजव्या हाताने गाठ मारली, आता ती डाव्याने शिकायची. उजव्याने फक्त कळ्या दाबून धरायच्या. निसटल्या तर निसटू द्यायच्या. आणि प्राजक्ताला तिने एकच गोष्ट सांगितली: त्यांच्या हातातलं काढून घेऊ नका, कितीही वेळ लागला तरी.

प्राजक्ता रडली. म्हणाली, मला वाटलं मी सेवा करतेय. मी तिचा हात धरला, डाव्या हाताने. थुंकलेल्या घासाची माफी तेव्हा मागितली.

पहिले चार दिवस नुसता चिखल झाला कळ्यांचा. जाऊ हसायची, मी तिला शिव्या द्यायचे. जेवण मात्र मी चमच्याने माझं मी घेऊ लागले, निम्मं अंगावर सांडत. पाचव्या दिवशी दीड तास बसून वीतभर गजरा झाला. वाकडा, गाठी सैल. दुसऱ्या कोणी केला असता तर मी फेकून दिला असता.

तुमच्या घरात असं कोणी पडून असेल तर त्यांना आधी विचारा, तुम्ही काय काय करत होतात. ‘काही नाही’ म्हणाले तर पुन्हा विचारा. आम्हाला सांगता येत नाही. रोझलिनने ते माझ्याकडून वदवून घेतलं, म्हणून मी तिची जन्माची ऋणी आहे.

तो गजरा प्राजक्ताने न विचारताच डोक्यात माळला आणि ऑफिसला गेली. दारापासून फाटकापर्यंतच चार कळ्या गळल्या. मी हाक मारून सांगितलं, काढ तो, लोक हसतील. ती गेलीच.

संध्याकाळी आली तेव्हा केसांत नुसतं सोपट उरलं होतं आणि त्यात तीन कळ्या. तिने तो दिवसभर काढला नव्हता.