ओव्याचा शेक

सिस्टर फरीदांचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. त्या नसत्या तर... जाऊ दे. मी आठवीत शाळा सोडलेली, चुका असतील तर सांभाळून घ्या. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावी कुणाच्या अंगात आलं की मी पदराआड हसायचे.

२०१४ साल. आम्ही सिंगापूरला बुकित पंजांगमध्ये अकराव्या मजल्यावर राहायचो. यांना जिभेचा कॅन्सर. ऑपरेशननंतर बोलणं गेलं, काही हवं असलं की वाटीवर चमचा वाजवायचे. दुखायला लागलं की उशी मुठीत धरून पिळायचे. एकच औषध वाढवलं तर गुंगीत जायचे, मला ओळखायचे नाहीत. मग नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी दोन औषधं दिली, दोन्ही थोडी थोडी — खांद्यावर चिकटवायची औषधाची पट्टी आणि नळीतून थेंब. हे परत माझ्याकडे बघून हसायला लागले.

पट्टी बदलायला सिस्टर घरी यायच्या. त्यांच्या तिकडच्या, मधेच 'लाह' लावायच्या इंग्रजीला मी नुसतं "यस, यस" करायचे. पुन्हा विचारायची लाज वाटायची.

एका दुपारी यांनी पट्टीच्याच खांद्याकडे बोट दाखवलं. आमच्याकडे दुखलं की ओव्याचा शेक. तव्यावर ओवा गरम केला, फडक्यात बांधला, तेवढ्यात ओट्याशेजारचा फोन वाजला.

"आंटी, नो हॉट! पॅचवर हॉट कॅनॉट. मेडिसिन टू फास्ट, ही स्टॉप ब्रीदिंग."

एवढं मात्र कळलं. पुरचुंडी हातातून पडली.

"तुम्हाला कोण बोललं?" मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"अंकल लाह. जस्ट नाऊ कॉल मी."

हे आत झोपले होते. घरात फोन तो एकच, माझ्या हाताशी, मी ओट्यापासून हललेच नव्हते.

संध्याकाळी सिस्टर आल्या. मोबाईलवर नंबर आमच्याच घरचा. आवाज कसा होता, मी विचारलं.

"डीप. लाफिंग लाफिंग. सेड, माय वाइफ व्हेरी स्टबर्न, यू टेल हर..." बोलता बोलता त्या थांबल्या. यांना बोलताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

स्टबर्न म्हणजे हट्टी, हे शेजारणीने सांगितलं. लग्नापासून हे मला तेच म्हणायचे.

पुढच्या महिन्यात हे गेले. शांत गेले, दुखलं नाही. तो फोन कसा लागला, मला आजही माहीत नाही. एकच सलतं... मी तिथेच उभी होते हो. एक शब्द मला ऐकू आला असता तर.

सिस्टर, तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं तर मला बोलवा. असेन तिथून येईन, उशाशी बसेन. आणि या वेळी न कळलेलं पुन्हा विचारीन.