बरगडीला कोण विचारतो

हृदयाला आमच्याकडे फार मान आहे. हृदयाचा पेशंट घरात असला की पाहुणे सफरचंदं घेऊन येतात. बरगडी दुखते म्हणणाऱ्याकडे कुणी केळंसुद्धा आणत नाही. कारंजा गावात दवाखाना चालवून थकलेल्या माणसाचं हे निरीक्षण आहे, शास्त्र नव्हे.

त्या दिवशी बाजार होता, गर्दी हटत नव्हती आणि माझी सिस्टर रजेवर होती. जवळच्या खेड्यातून सासू, सून आणि सुनेचा नवरा आले. सासूनं जाडजूड फाइल टेबलावर आपटली. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची होती. तिथले काचेचे दरवाजे म्हणे आपोआप उघडतात. ईसीजी, इको, पट्ट्यावर पळवून केलेली तपासणी, सगळं नॉर्मल. दुसऱ्या घरात पेढे वाटले असते. या घरात ते सुनेविरुद्धचं आरोपपत्र झालं होतं.

"डाक्टरसाब, हार्टात काईच नाई म्हणे. मंग हे कण्हते कायले?" सासू म्हणाली. "कामाचा कंटाळा हाय, दुसरं काय."

सून खाली बघत म्हणाली, "कूस बदलली का टोचते. श्वास घेतला तरी. हापशीवर तं जीवच जाते."

"तिथं कोणी दाबून पाह्यलं काय?" मी विचारलं.

"नाई. सिस्टरनं वायरी लावल्या. डाक्टर दुरूनच बोलले."

त्या डॉक्टरांना मी हसलो नाही. तरुण बाईच्या छातीवर बोट दाबायला आमच्या भागात पुरुष डॉक्टर कचरतो, मीही कचरतो. यंत्राला कुणी नावं ठेवत नाही. मग मी सासूलाच सुनेबरोबर पडद्याआड पाठवलं आणि स्वतः बाहेर उभा राहिलो.

"मावशी, आज तुमीच डाक्टर. मधल्या हाडाच्या कडेले बोट ठेवा अन् एकेक बरगडी दाबत खाली या. पहिले उजवीकडं."

उजवीकडं शांतता. डावीकडं दोन बरगड्या उतरल्यावर सून कळवळली.

"नाटक करून राह्यली," आतून निदान आलं.

"तिले डोळे मिटू द्या. आता कुठंबी दाबा, सांगू नका."

सासूनं बरीच फिरवाफिरव केली असावी. कळवळणं आलं ते त्याच जागी. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. मग आत काहीच ऐकू येईना.

"मावशी?"

"थांबा जरासं."

थोड्या वेळानं "आवं माय" ऐकू आलं. या वेळी आवाज सासूचा होता.

बाहेर येऊन ती खुर्चीवर बसली. "हे तं मलेबी हाय. लगन झाल्यापासून."

"कोणाले दाखवलं नाई?"

"कायले दाखवू? माही सासू म्हने, बायकाईले दुखतेच."

बरगडी मधल्या हाडाला जिथं जुळते तिथं सूज आहे, हृदयाचा संबंध नाही, हे मी दोघींना सांगितलं. त्यांच्या गावात नळयोजनेचं उद्घाटन दोनदा झालं आहे. नळांना हार मिळाले, पाणी मिळालं नाही. त्यामुळे हापशीचा जड दांडा दोघी छातीच्या जोरानं रेटतात. शेक, गोळ्या, आणि काही आठवडे हापशी बंद, असं मी म्हणालो आणि नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहू लागलो. त्यावर माझ्याकडे औषध नसतं.

"मंग पाणी कोण आणन?" सासूनं विचारलंच. पण मला नाही. दारात मोबाइल बघत उभ्या असलेल्या मुलाला.

"मी?" तो म्हणाला.

"नाई तं काय डाक्टरसाब येतीन?"

"लोकं हासतीन ना, माय."

"हासू दे. हंडा उचलता उचलता तूबी हास."

सून पदराआड हसली आणि लगेच डावी बाजू धरून वाकली.

"हासू नको वं," सासू तिच्या पाठीवर हात ठेवत म्हणाली, "दुखते ते."