निर्मलाताईंनी सोडलेली ओळ

इंदूरहून फोन आला की मी आधी वाईटच धरून चालते. तिरुपूरला येऊन आता अर्धं आयुष्य झालं, तरी ही सवय गेली नाही. त्या दिवशी मी बनियनच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते, मशीनच्या आवाजात निर्मलाताईंच्या मिलिंदचं काही ऐकू येईना. जिन्यात आले तेव्हा कळलं... "शोभाताई, आई गेली. सकाळी चहा घेतला, धने निवडायला बसली, तिथंच." रडू नंतर आलं. आधी मी विचारलं, "जयंतीची गाणी बसली होती का रे?" तो म्हणाला, "अर्धी."

निर्मलाताई आमच्या बस्तीतल्या गायन पार्टीच्या मुख्य गायिका. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कुणाचं बारसं असो की गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, पार्टी जायचीच. त्या आणि माझे वडील एकाच मिलमध्ये होते. मिल बंद पडली, भोंगा थांबला आणि सगळी बस्ती कान हरवल्यासारखी झाली. सकाळ कधी झाली तेच कळेना. वडील ओट्यावर बसून राहायचे. ताई सियागंजच्या दुकानदारांचे धने-जिरे घरी आणून निवडायला लागल्या. माझी शाळा आठवीतच सुटली. पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मला तर नाहीच. ताईंनी एक दिवस हाताला धरून कोरसमध्ये बसवलं. "घरात बसून भिंतीशी बोलशील का? इकडे बैठ. तोंड उघड." मी म्हटलं, मला गाता येत नाही. "एकटीला कुणालाच येत नाही गं," असं म्हणून त्यांनी पेटी ओढली.

आमच्याकडे गाण्याची एक रीत होती. मुख्य गायकानं ओळीचा पहिला भाग म्हणायचा आणि चक्क तोंड मिटायचं. पुढचा भाग कोरसचा. नवीन मुलं उत्साहात सगळी ओळ स्वतःच ओढून न्यायची, तेव्हा ताई पेटी थांबवायच्या. "पूरी लाइन तूच गाशील, तर हे बाकीचे काय आलू छिलायला आलेत?"

मग बस्तीत केबल आली. कामं नव्हती, पण डबा घरोघर चालू. त्यावर एका गाण्याच्या स्पर्धेची जाहिरात लागली, पहिली फेरी इंदूरलाच होती. मिलिंदनं आईचं नाव देऊन टाकलं आणि पार्टीत भडका उडाला. ढोलकी वाजवणारे एकनाथकाका सगळ्यात जास्त तापले.

"गाणं काय घोड्याची रेस आहे, निर्मला?"

"काका, मानपुरच्या पार्टीशी रात रात मुकाबला करता तेव्हा काय तुम्ही हळदीकुंकवाला जाता?"

"तिथं समोरचा गाऊन उत्तर देतो! इथं खुर्चीत रेलून नंबर देणार. आणि पार्टीला कुठं बोलावलंय? एकटीला बोलावलंय. आज तू गेलीस, उद्या पेटीवाला जाईल. मिल तर गेली... आता पार्टीही गेली, तर बस्तीत उरेल काय?"

काका खोटं बोलत नव्हते. मी तर घाबरून गेले होते, कारण पार्टी सोडून माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. शेवटी ताई म्हणाल्या, "मी जाणार. पण तुम्ही सगळे समोर बसायचं. काका, तुम्हीही." काका आले, पण हाताची घडी घालून, तोंड फिरवून.

ताईंनी स्वतः रचलेलं गाणं घेतलं. पांढरी साडी, निळी किनार. दिव्यांच्या झोतात त्या एवढ्याशा दिसत होत्या. खणखणीत आवाजात म्हणाल्या, "भोंगा सो गया मिल का..." आणि थांबल्या. सवयीनं. तबलेवाला गोंधळला. परीक्षक माइकवर गोड आवाजात म्हणाले, "घबराइए मत, माताजी. भूल गईं?"

"भूली नई भिया," ताई म्हणाल्या, "आगे की लाइन तुम्हारी है."

लोक हसले. आणि त्या हसण्यातून, माझ्या शेजारून, हाताची घडी न सोडता एकनाथकाकांचा घोगरा आवाज वर चढला, "बस्ती जागे रे!" मग आम्ही सगळे. दुसऱ्या वेळी ताईंनी ओळ सोडली तेव्हा मागच्या रांगा, तिसऱ्या वेळी बाल्कनी, दारावरचा चौकीदारसुद्धा... परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि म्हणत होते, "लेकिन माताजी, नियम तो अकेले गाने का है."

"तो नियम तुम रखो, गाना हम ले जाते हैं," म्हणत ताई खाली उतरल्या. पुढच्या फेरीत त्यांचं नाव नव्हतं. पण तो तुकडा टीव्हीवर दाखवला गेला आणि देपालपुरपासून महूपर्यंत बोलावणी सुरू झाली. प्रत्येक जण म्हणायचा, सगळी पार्टी आणा. काका ऐटीत सांगत फिरायचे, "मीच म्हटलं होतं तिला, जा म्हणून!"

लग्न होऊन मी इतक्या दूर आले. भाषा येईना, बाजारात बोटानं दाखवून भाजी घ्यायची. पण कारखान्यात शेजारच्या बायकांना हाक मारायला मी लाजले नाही, कारण पुढचं कुणीतरी उचलतं, हे मला शिकवलेलं होतं. आता कुणी विचारतं, पोरीला टीव्हीच्या स्पर्धेत पाठवू का? मी म्हणते, खुशाल पाठवा. फक्त ती आपलं गाणं तिकडे नेतेय की तिकडचं अंगावर घालून येतेय, तेवढं बघा.

पुण्यानुमोदनाला मी गेले. ताईंच्या स्वयंपाकघरात त्या स्पर्धेत उत्तेजनार्थ मिळालेला मिक्सर अजून आहे, भांड्याची मूठ सुतळीनं बांधलेली. मिलिंद सांगत होता, तालीम रंगात आली की आई मुद्दाम उठून चटणी लावायची. त्या घरघरीत सगळे वाद्यं थांबवून बसायचे. मिक्सर थांबला की आतूनच ती पुढचं कडवं सुरू करायची. त्या दिवशी पाहुण्यांसाठी चटणी वाटायला मी उभी राहिले. बाहेर पार्टी गात होती. मी बटण दाबलं, आणि ढोलकी थांबली. पेटी थांबली. चटणी कधीच वाटून झाली होती, पण बटण बंद करायला हात होईना. मी आयुष्यभर कोरसमध्ये बसलेली. पुढे कधी झाले नव्हते.

बंद केलं. मी डोळे मिटून निम्मी ओळ म्हटली आणि तोंड घट्ट मिटलं.

बाहेरून सगळं घर गायलं. त्यावर एकनाथकाकांचा थकलेला आवाज आला, "पट्टी खाली लागलीये तुझी, शोभे. चल, पुढचं कडवं घे."