शोकेसमधले ठोकळे

ऑफिस सुटल्यावर दमलेल्या पायांनी मी औरंगपुऱ्यातल्या खेळण्यांच्या दुकानात भाचीसाठी लाकडी ठोकळे बघत होते. नमुन्याचा उघडा खोका उचलला, नव्या रंगाचा वास आला आणि मी पाच वर्षांची झाले.

तेव्हा मामानं माझ्यासाठी असेच ठोकळे आणले होते. आईनं ते प्लास्टिकसकट शोकेसमध्ये ठेवले आणि काच सरकवली. "खराब होतील. पाहुणे आले की काढू."

पाहुणे आले. "काकांना टॉवर करून दाखव, इंग्लिशमध्ये रंग पण सांग," आई म्हणाली. मला सगळे रंग येत होते, पण तोंड उघडेना. तिसरा ठोकळा ठेवताना टॉवर पडला.

"लई लाजते व्हय ही!" काका हसले. आईनं ठोकळे पुसून पुन्हा आत ठेवले. मला ते एकदा, कोणी बघत नसताना हवे होते.

कितीतरी वर्षं माझ्या मनात आईचा राग होता. आज मात्र तिचा त्या वेळचा दमलेला चेहराच आठवतो. घरातली एक तरी वस्तू नवी राहावी, एवढंच तिला हवं होतं.

पैसे दिले आणि दुकानातच नव्या खोक्यावरचं प्लास्टिक फाडलं.

"म्याडम, आता वापस घेणार नाय हां," दुकानदार म्हणाला.

"नका घेऊ," मी म्हणाले, जरा मोठ्यानंच.