उरलेली तळटीप

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलंच तर ‘फॉन्टचा घोळ’ म्हणायचो आणि विषय बदलायचो.

लोणावळ्याजवळच्या भाजे गावाच्या आसपासची भातलावणीची गाणी मी जमवली होती. प्रत्येक गाण्याला तळटीप : गाणं कुणाचं. शेवटचं गाणं डोंगरातल्या वाडीवरच्या एका मावशींनी दिलं. ते त्यांच्या मुलीनं रचलेलं. ती लग्नाआधीच तापानं गेली होती.

“भाऊ, माजं नाव नको. तिचं घाल. ती कुटंच लिवलेली न्हाई.”

छपाईआधी जुन्या फॉन्टमधली फाइल लोणावळ्यात युनिकोड करून घेतली. मजकूर नीट आला, पण तळटिपा सुटून शेवटी ढिगानं पडल्या. मी त्या क्रमानं पुन्हा जोडत गेलो. मधल्या एका गाण्यावरचा आकडाच उडाला होता, हे लक्षात आलं नाही. तिथून प्रत्येक टीप पुढच्या गाण्याला लागत गेली आणि अखेरीस एक उरली. त्या मुलीचं नाव मी वाचलं. कोण ही, आठवेना. प्रेसवाल्याचा फोन वाजत होता. दुबार आली असेल म्हणून पुसून टाकली.

पुस्तक छापून आल्यावर गावच्या देवळात वाचून दाखवलं. शेवटच्या गाण्याखाली नाव निघालं ते गावातल्या एका मोठ्या शेतकरीणबाईंचं.

“अगं बया, तू गानी कवा रचलीस? बांधावर तर नुसत्या शिव्या देतीस!” बायका खिदळल्या.

“माजं न्हाई गं ते,” त्या म्हणत होत्या. कुणी ऐकलं नाही.

मावशी नवं लुगडं नेसून आल्या होत्या. जाताना थांबल्या. “भाऊ, माज्या पोरीचं कुटं हाय?”

“मशीननं घोळ केला, मावशी. पुढच्या छपाईत घालतो.”

“व्हय,” म्हणाल्या आणि चालू लागल्या.

आता दुसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या कॅसेट लावून एकेक टीप तपासतो आहे. मावशींच्या गाण्यानंतर माझा आवाज येतो, “मुलीचं नाव?” त्या सांगतात. नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा सांगतात. यंत्र बंद केलं तरी ते दुसऱ्यांदा सांगणं खोलीत राहतं.

मध्ये एकदा वाडीवर गेलो होतो. मावशींनी कोरा चहा दिला. मी छपराची चौकशी केली, पावसाची केली. त्या उतारापर्यंत पोचवायला आल्या, तेव्हाही खरं सांगितलं नाही. गेल्या वर्षी त्या गेल्या.

मावशी, मशीननं नाही. तुमच्या पोरीचं नाव मी वाचलं होतं, आणि मीच पुसलं. मला माफ करा.