फ्यूजताई आणि अदलाबदल झालेले रिपोर्ट

आमच्या कोपऱ्यावरच्या तपासणी लॅबचं कॉम्प्युटरचं सगळं काम जिच्याकडे आहे, तिला सगळे फ्यूजताई म्हणतात. चांगली इंजिनिअर बाई, पण शेजारीपाजारी तिच्याकडे बंद पडलेल्या इस्त्र्या घेऊन येतात. ती करवादत का होईना, दुरुस्त करून देते. वैताग तिच्या नाकावरच असतो. त्या आठवड्यात मात्र तो पार डोक्यात गेला.

लॅबच्या डॉक्टरांनी वेबसाइट चालवायला नवं मशीन घेतलं. ताईनं जुन्यावरचं सगळं त्याच्यावर चढवलं, वेबसाइट पुन्हा सुरू झाली, पेशंट पहिल्यासारखे घरबसल्या रिपोर्ट बघू लागले. आणि एका सकाळी एक निवृत्त बसड्रायव्हर काउंटरवर येऊन उभे राहिले.

"बाई, मी साखर तपासायला दिली होती. तुमचा रिपोर्ट म्हणतो, मला दिवस गेलेत."

काउंटरवरच्या मुलीला हसू आवरेना. ताईनं तिलाच झापलं, "नावं टाकताना लक्ष कुठे असतं गं तुझं?" पण मुलीनं नाव बरोबर टाकलं होतं. ताईनं तोच रिपोर्ट स्वतः उघडला, तर तो अगदी बरोबर. पुन्हा उघडला, पुन्हा बरोबर. दुपारपर्यंत आणखी एक तक्रार आली, तोही रिपोर्ट ताईच्या स्क्रीनवर शहाण्यासारखा वागला.

शेवटी ती मुलीला म्हणाली, "तू तिकडून एक उघड, मी इकडून दुसरा उघडते. एकदम हं!" चार-सहा वेळा काही झालं नाही. मग मुलगी ओरडली, "ताई, तुमचे आकडे माझ्याकडे आले!"

ताईनं कपाळावर हात मारला. सर्व्हरचं सॉफ्टवेअर मशीनवर चढताना मशीनला काय झेपतं ते चाचपतं आणि कामाची पद्धत स्वतःच ठरवून टाकतं. जुन्या मशीनवर त्यानं येणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळी प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामची स्वतंत्र प्रत, ठेवली होती, त्यामुळे एकाची माहिती दुसऱ्याला दिसायचा प्रश्नच नव्हता. नव्या मशीनवर त्यानं थ्रेड निवडले, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये अनेकांची कामं शेजारी शेजारी. मेमरी कमी लागते, काम भराभर होतं. पण रिपोर्ट बनवणारा जुना प्रोग्राम पेशंटची माहिती एकाच ठिकाणी ठेवायचा. दोघं एकदम आले की एकाची माहिती दुसऱ्याच्या नावाखाली! आणि तो प्रोग्राम लिहिला होता डॉक्टरांच्या साडूंनी.

"अहो, पण ते डिफॉल्ट आहे ना?" डॉक्टर म्हणाले. "सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एवढ्या हुशार लोकांनी ठरवलेलं चुकेल कसं?"

"त्यांनी मशीनचा विचार केला, डॉक्टर. तुमच्या साडूंचा प्रोग्राम त्यांनी कुठे बघितलाय?"

"साडूंना मध्ये आणू नका. घरी जेवण मिळणार नाही मला."

"मग वेबसाइट बंद करते."

"अजिबात नाही. लोक काय म्हणतील?"

ताई तरातरा आत गेली आणि तिनं वेबसाइट बंद केली. काउंटरवर रांग लागली, डॉक्टर धुसफुसत राहिले. ती फोन घेऊन बसली आणि नवं मशीन आल्यापासून ज्यांनी ज्यांनी रिपोर्ट उघडले होते, त्या सगळ्यांना फोन करत सुटली. कुणी खेकसलं, कुणी फोन आपटला. एका बाईनं मात्र विचारलं, "म्हणजे ती गाठ... माझी नाही?"

"नाही हो. तुमचा रिपोर्ट चांगला आहे."

पलीकडून हुंदका आला. त्या बाईनं नवऱ्यालाही काही सांगितलं नव्हतं. ताईला मात्र लगेच दुसरा विचार आला. गाठ जिची होती, ती बाई निर्धास्त बसली असणार. तिला शोधून ताईनं लॅबमध्ये बोलावलं, आणि डॉक्टरांनी स्वतः समोर बसवून सगळं सांगितलं. त्यानंतर वेबसाइटचा विषय त्यांनी काढला नाही.

ताईनं सर्व्हरला प्रोसेसची पद्धत नेमून दिली, काउंटरवरच्या मुलीची माफी मागितली आणि मगच वेबसाइट उघडली. ती जरा रखडते, मेमरी खाते, पण ज्याचा रिपोर्ट त्यालाच मिळतो.

महिन्याभरानं साडूंचा फोन आला. "माझ्या प्रोग्राममध्ये काहीही चूक नाही. तुमचं मशीनच अतिशहाणं आहे."

"असेल," ताई म्हणाली, "पण थ्रेड हवे असतील तर या आणि प्रोग्राम बदलून द्या."

ते अजून आलेले नाहीत.