वरचा जबडा

उदगीरच्या बैलबाजारात महादेवप्पाला फसवणं म्हणजे वाळू रगडून तेल काढणं. विकणारा कितीही शपथा घेवो, हा दलाल बैलाचा खालचा ओठ दाबून दात बघायचा आणि मगच बोलायचा, "चार दाती कुठला? आठी दात येऊन जुळलाय ह्यो." माणसाच्या शब्दावर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. सख्ख्या मेहुण्यानं पेढा दिला तरी आधी हुंगून बघणारा गडी!

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा मंजूर झाला, पाऊस मात्र व्हायचा राहिला. कडब्याला सोन्याचं मोल आलं. परसातल्या गंजीच्या राखणीला महादेवप्पानं देगलूरहून कुत्र्याचं एक पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं तेही बैलाचंच, पाखऱ्या. घरात मूलबाळ नव्हतं. बायको दानम्मा म्हणायची, "माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्ती बोलताव तुमी." ते खरंच होतं.

सहा महिन्यांचा होतो न होतो तोच पाखऱ्यानं भाकरीला तोंड लावणं सोडलं. तोंडातून लाळ, लाळेत रक्ताची रेघ. महादेवप्पानं खालचा ओठ दाबून बघितला. दात पांढरेशुभ्र, सरळ. म्हणजे दुखणं दाताचं नव्हे. कुणीतरी काहीतरी चारलं होतं.

कुणी, ते शोधायला लांब जावं लागलं नाही. पडक्या भिंतीपलीकडं साखराबाई राहायची. एकटी विधवा बाई, दारात एक म्हैस, आणि म्हशीला वैरण नाही. पाखऱ्या रोज दुपारी भिंतीवरून तिच्याकडं जायचा आणि ओलं तोंड घेऊन यायचा.

"राखण्या मेला की गंज मोकळी," महादेवप्पानं ताडलं.

"ती बाई तशी न्हाई हो," दानम्मा म्हणाली. मग त्याला दानम्माचाही संशय यायला लागला. संशयाला औषध नाही म्हणतात ते उगीच नव्हे. त्यानं भिंतीवर बाभळीच्या काट्या रचल्या आणि पाखऱ्याला साखळीनं बांधून टाकलं.

तेव्हापासून तर पाखऱ्या झपाट्यानं खंगला. बरगड्या वर आल्या, उठवेना झालं. दानम्मा रडायला लागली. पिल्लू पोत्यात गुंडाळून महादेवप्पानं जनावरांचा दवाखाना गाठला. तिथं नव्यानं आलेल्या विनीता डॉक्टर होत्या.

"दात म्या बघितले हाईत," तो आधीच म्हणाला. "कुणीतरी जहर घातलंय."

बाईंनी वरचा ओठ उचलला. दोन्ही बाजूंना सुळे दुहेरी! पक्का सुळा आला होता, आणि दुधाचा पडायचा सोडून त्याला खेटून उभा होता. मधल्या फटीत अन्न कुजून हिरडीत पू झाला होता.

"वर नाही बघितलंत?"

बैलाला वरच्या जबड्यात पुढं दात नसतातच. उभ्या जन्मात महादेवप्पानं कुणा जनावराचा वरचा ओठ उचलला नव्हता.

बाईंनी भूल देऊन दुधाचे सुळे काढले. हात धुताना म्हणाल्या, "जहर वगैरे काही नाही. ही उपासमार आहे. दुखणं जुनं आहे, पण खंगलाय तो अलीकडंच. आधी कुणीतरी मऊ कालवून घालत असणार याला. ते बंद का केलंत?"

पाखऱ्याचं ते ओलं तोंड महादेवप्पाला आठवलं. दुष्काळात पोटाला चिमटा घेऊन साखराबाईनं त्याचं लेकरू जगवलं होतं, आणि यानं मध्ये काटे रचले होते.

घरी येऊन त्यानं पाखऱ्याला दानम्माच्या मांडीवर दिलं आणि उघड्या हातांनी काट्या ओढायला लागला. पलीकडं साखराबाई येऊन उभी राहिली.

"दुधाचे दात व्हते, बाई," तो कसाबसा म्हणाला. "म्या तुमच्यावर..."

ती आत गेली आणि अॅल्युमिनियमच्या ताटलीत ताकात कुस्करलेली भाकर घेऊन आली. ताटली तिनं पाखऱ्यापुढं ठेवली नाही, भिंतीवरून महादेवप्पापुढं धरली.

"आधी तुमी खावा. न्हाईतर पुन्हा मनात येईल तुमच्या."

महादेवप्पानं न हुंगता घास तोंडात घातला.